पंचा बांधलेली बादली

सॉल्ट लेक, कोलकाता, ४ ऑक्टोबर

प्रिय वैदेही,

फोन करायचा नाही, काय ते लिहून कळवायचं, ही तुझी अट मी गेले दहा महिने पाळते आहे. फोनवर मागून बाबांचा आवाज येतो आणि तुला तो नको असतो, हे मला समजतं. म्हणून मेलवरच कळवते. बाबांना कालपासून ताप आहे. "वैदेहीला कळवू नकोस" असं त्यांनी बजावलंय, म्हणूनच कळवते आहे. या माणसाच्या कुठल्या सूचना पाळायच्या आणि कुठल्या नाही, एवढं तरी मी इतक्या वर्षांच्या संसारात शिकले.

काळजी करण्यासारखं काही नाही. अंग दुखतंय, डोळ्यांच्या मागे ठणकतंय म्हणतात. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर "एका दिवसाच्या तापाचं निदान होत नसतं" हे उत्तर. फ्रिजवर आलेखाचा कागद चिकटवलाय आणि स्वतःच स्वतःचा ताप त्यावर मांडत बसलेत. सरकारी नोकरीत जन्मभर भुंगेऱ्यांच्या पाठीवरचे ठिपके मोजले, आता भुंगेरे संपले म्हणून स्वतःवर आलेत. पेन्सिलीला टोक मात्र मी काढून द्यायचं.

इकडे पूजेचे मांडव उभे राहिलेत. आपल्या ब्लॉकचा यंदाचा देखावा अंतराळाचा आहे, दुर्गा रॉकेटमधून उतरणार आहे. बाबांनी ताप यायच्या आदल्या दिवशीच कमिटीत जाऊन सांगितलं की रॉकेटच्या ज्वाळा चुकीच्या बाजूनं निघतायत. कमिटीवाले हसले आणि त्यांना चहा पाजून परत पाठवलं. पंचवीस-तीस वर्षं या गावात काढली, की एवढी सवलत मिळते.

तू गणपतीचं विचारलं नाहीस, तरी सांगते. दीड दिवसाचा बसवला. मोदक बेताचेच केले, खाणारं कोण आहे? विसर्जन नेहमीसारखं घरीच, बादलीत.

अजेय बरा आहे ना? बडोद्याला अजून उकडतंय का? उत्तर दिलंस तर बरं वाटेल, नाही दिलंस तरी मी लिहीनच.

तुझी आई

सॉल्ट लेक, ६ ऑक्टोबर

प्रिय वैदेही,

डेंग्यू निघाला.

घाबरू नकोस. मीही घाबरलेली नाही. प्लेटलेट थोड्या उतरल्यात, पण डॉक्टर म्हणाल्या की घरीच ठेवा, भरपूर पाणी पाजा आणि रोज रक्त तपासा. तुझ्या बाबांना तापापेक्षा अपमानच जास्त झालाय. दर रविवारी टॉर्च घेऊन अख्ख्या ब्लॉकच्या कुंड्यांखालच्या बशा तपासत फिरणारा माणूस हा. कोणाच्या एसीचं पाणी कुठे साचतं, कोणाच्या गच्चीवर टायर पडलंय, सगळं यांना पाठ. आणि शेवटी हेच आडवे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय म्हणायचं!

खालच्या मिसेस सान्याल तुला आठवतात ना? त्यांच्या कुंड्यांत अळ्या सापडल्या म्हणून बाबांनी ऑगस्टमध्ये कमिटीकडे तक्रार केली होती. तेव्हापासून त्या जिन्यात आमच्याकडे बघतही नव्हत्या. आज सकाळी दारात उभ्या, हातात दोन शहाळी आणि एका बाटलीत हिरवा रस. "दीदी, ये पपीता पत्ता का रस है। दादा को पिलाइए, प्लेटलेट ऊपर उठेगा।" आतून लगेच आवाज आला, "पुरावा काय?" मी कपाळावर हात मारला. पण सान्यालबाई दारातूनच म्हणाल्या, "प्रमाण नहीं है, दादा। मेरा देवर पिया था, ठीक हुआ। आप भी पी लीजिए, कोई क्षति नहीं होगा।" आणि वैदेही, ते प्याले. तोंड वेडंवाकडं करत, पण सगळं प्याले. नंतर मला म्हणतात, "एका दिराचा नमुना पुरेसा नसतो." मी म्हटलं, शेजारीण पुरेशी आहे.

बराकपूरच्या शाळेत मी दरवर्षी सातवीला डासाचं जीवनचक्र शिकवत असे. सियालदाहून लोकल पकडून जायचं, फळ्यावर अंडी, अळी, कोष, डास असं गोल काढायचं आणि मुलांकडून घोकून घ्यायचं, की डेंग्यूचा डास घाण पाण्यात होत नाही, त्याला स्वच्छ, साचलेलं पाणी लागतं. किती वर्षं ते चित्र काढलं. आज सकाळपासून ते डोळ्यांपुढून हलत नाही.

दुपारी मागच्या बाल्कनीत गेले होते. तिथलं थोडं आवरायचं राहिलं होतं, ते आवरून टाकलं. विशेष काही नाही.

तुझी आई

हॉस्पिटल, ८ ऑक्टोबर

वैदेही,

काल सकाळी ताप उतरला. अंगाला हात लावला तर गार. मी देवापुढे दिवा लावला आणि वरणभाताचा कुकर चढवला. बाबा उठून बसले होते. मला वाटलं, चला, सुटलो. तर फ्रिजवरच्या त्या कागदाकडे बोट दाखवून म्हणतात, "विजया, खाली आलेली रेघ बघून खूश होऊ नकोस. डेंग्यूत ताप उतरल्यावरच खरी भीती असते. आता केशवाहिन्या गळायला लागतात."

असं कोणी सांगतं का? पण त्यांनी वर्गात शिकवावं तसं सांगितलं, आणि संध्याकाळपासून तसंच व्हायला लागलं. पोट दुखायला लागलं, दोनदा उलटी झाली, हातपाय थंड पडले. आज सकाळच्या रक्तात प्लेटलेट एकदम खाली आणि रक्त दाट. डॉक्टर फोनवर म्हणाल्या, ताबडतोब आणा.

आज पंचमी. या दिवशी कोलकात्यात गाडी काढणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. बायपासला लागायच्या आधीच सगळं तुंबलेलं. नवीन कपडे घातलेली माणसं, बांबूचे कठडे, ढाक वाजतायत, आणि आमची ॲम्ब्युलन्स मधोमध उभी. आतला माणूस सारखा नाडी बघत होता. मी बाबांचा हात धरला होता आणि तो ओला, गार लागत होता. बाहेर भोंगा ओरडतोय आणि पुढची गाडी इंचभर हलत नाही. शेवटी मांडवाचीच पोरं धावत आली. शिट्ट्या मारत, कठडे उचलत, माणसं मागे सारत त्यांनी वाट करून दिली. तुझ्या बाबांनी ज्यांच्या रॉकेटच्या ज्वाळा उलट्या ठरवल्या, त्यांच्यातलेच दोघं होते.

आता अतिदक्षता विभागात आहेत. शिरेतून पाणी चाललंय. डॉक्टर म्हणतात, पोटात पाणी झालंय, रक्तदाब धरून राहिला पाहिजे, पुढचे दोन दिवस महत्त्वाचे. मला आत थोडा वेळच जाऊ देतात.

मला आता भीती वाटते आहे, वैदेही. परवा लिहिलं होतं की घाबरले नाही, ते खोटं होतं. तू ये असं मी म्हणत नाही. कळवायचं म्हणून कळवलं.

आई

हॉस्पिटल, ९ ऑक्टोबर

वैदेही,

तुझं उत्तर आलं. दहा महिन्यांत सहा-सात ओळी आल्या असतील तुझ्या, त्यातली ही एक: 'बाबांनी माझं नाव काढलं का?'

आधी मला राग आला. बाप तिथे नळ्या लावून पडलाय आणि हिला हजेरीपटावर नाव हवंय. उत्तर लिहायला घेतलं ते इतकं कडू होतं, की पुसून टाकलं. मग बाहेरच्या बाकावर बसून सान्यालबाईंनी दिलेली पोळी खाल्ली. त्यांची पोळी म्हणजे मैद्याची, गार झाली की चामडं, पण पोटात गेल्यावर डोकं जाग्यावर आलं.

नाव काढलं नाही, असं मी म्हणणार नाही. काढलं, असं नुसतं म्हटलं तर तू विचारशील, कधी, कसं, काय म्हणाले. कुणाची मुलगी आहेस ते लगेच कळतं.

त्या रात्रीबद्दल आपण कधी बोललो नाही. आज बोलते, कारण उद्या बोलायला मिळेलच असं नाही. डिसेंबरात तू आणि अजेय आला होतात, बाळ गेल्याला दोन आठवडे झाले होते. तिसराच महिना, पण तू नाव ठरवलं होतंस, मला ठाऊक आहे. जेवताना तू म्हणालीस, "मी घर बदलताना ती पुस्तकांची खोकी उचलली नसती, तर ते राहिलं असतं." आणि बाबांनी हातातला घास खाली ठेवून विचारलं, "पुरावा काय?"

मग ते बोलतच सुटले. इतक्या लवकर जातात त्यातल्या बहुतेक गर्भांत मुळातच दोष असतो, निसर्ग ते पुढे जाऊ देत नाही, वजन उचलण्याचा संबंध नाही. मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला, तरी थांबेनात. तू फक्त 'दोष' ऐकलंस. ताट सरकवून उठलीस आणि सकाळच्या विमानानं गेलीस. अजेय बिचारा चपला शोधत मागे धावला.

मी त्यांची बाजू घेत नाही. त्या रात्री मी त्यांना जे बोलले ते शेजाऱ्यांनीही ऐकलं असेल. दुःखावर हात ठेवायचा असतो, भिंग नव्हे. हे त्यांना कोणत्याही कॉलेजात शिकवलेलं नाही आणि मलाही शिकवता आलं नाही. पण एक सांगते. ते जे म्हणत होते त्याचा अर्थ 'तुझी चूक नाही' एवढाच होता. त्यांच्याकडे ते सांगायला दुसरी भाषा नव्हती.

आजचा रक्तदाब दुपारी पडला होता, संध्याकाळी वर आणला. तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. ते द्यावं की नाही हे अजून ठरत नाही.

आई

हॉस्पिटल, १० ऑक्टोबर

वैदेही,

सकाळी आत गेले होते. बाबा मला बघताच म्हणाले, "बादली रिकामी केलीस का?" आवाज इतका बारीक, की वाकून ऐकावं लागलं. मी म्हटलं, केली. म्हणाले, "अळ्या होत्या?" मी त्यांच्या पायांवरची चादर सारखी करायला लागले. ते समजले. मग माझं मनगट धरून म्हणाले, "वैदेहीला सांगू नकोस. ती उगीच स्वतःला लावून घेईल."

ही त्यांची सूचना मी पाळणार नाही. मी सगळं सांगते, पण शेवटपर्यंत वाच. तुझ्या बाबांचं वाक्य अर्धं टाकून उठलीस, तसं माझं टाकू नकोस.

तू तिसरीत होतीस तेव्हा मराठी मंडळाच्या गणपतीबरोबर आपण घाटावर गेलो होतो. तिथे तू आदल्या दिवशीचे गणपती चिखलात पालथे पडलेले पाहिलेस आणि घरी येईपर्यंत रडलीस. दुसऱ्या वर्षी बाबांनी शाडूची मूर्ती आणली, बादलीत विरघळवली, आणि पाणी निवळल्यावर ते आणि ती माती तू मागच्या बाल्कनीतल्या जास्वंदीला घातलीस. तेव्हापासून ते तुझं काम. कॉलेजात गेलीस, नोकरीला लागलीस, लग्न झालं, तरी गणपतीला यायचीस आणि ती बादली तूच ओतायचीस. बाबा तेवढा वेळ मागे हात बांधून उभे राहायचे. देव मानत नाहीत, पण ते एक चुकवायचे नाहीत.

यंदा विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी बादली उचलायला गेले, तर म्हणाले, "राहू दे. ते वैदेहीचं काम आहे." मी म्हटलं, ती येणार नाही. "दिवाळीला येईल," म्हणाले. मी विचारलं, "पुरावा काय?" आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य मी त्यांच्यावर उलटवलं, आणि ते उठून कपाटाकडे गेले. उघडं पाणी ठेवू नये एवढं शास्त्र त्यांना कळतंच. त्यांनी आपला जुना पंचा दुहेरी केला, बादलीच्या तोंडावर ताणून बसवला आणि सुतळीनं गच्च बांधला. डासाला आत शिरायला जागा नाही, असं मला दोनदा दाखवलं.

मग सप्टेंबरात पाऊस लागला. बादली पंच्यातून झिरपणाऱ्या पाण्यानं काठोकाठ भरली, पंचा मधोमध खचला आणि त्याच्यावर तळं साचलं. बादली झाकलेली होती, म्हणून आम्ही दोघांनी तिकडे बघितलंच नाही. जगाच्या बशा तपासल्या, घरातल्या झाकणावर विश्वास ठेवला. सहा तारखेला मी तिथे गेले तेव्हा पंच्यावरच्या त्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या, माझ्या फळ्यावरच्या चित्रासारख्या. ते पाणी मी ओतून टाकलं, पंचा जाळला. तुला लिहिलं, विशेष काही नाही.

तू विचारलंस ना, नाव काढलं का? गणपतीपासून त्यांनी तुझं नाव मागच्या बाल्कनीत ठेवलं होतं. याहून मोठा पुरावा माझ्याकडे नाही.

आता उरलेलं ऐक, कारण तुझ्या डोक्यात काय सुरू झालं असेल ते मला इथून दिसतंय. मी गेले असते तर बादली रिकामी झाली असती, बाबांना डास चावला नसता. हेच ना? तर, वैदेही, पुरावा काय? डास जन्मतः विष घेऊन येत नाही. त्यानं आधी कुठल्यातरी डेंग्यूच्या रोग्याला चावावं लागतं, मग आठ-दहा दिवस त्याच्या अंगात ते विषाणू वाढावे लागतात, मग तो तुझ्या बाबांना चावणार. चौथ्या मजल्यावरच्या भाडेकरूला महिन्याभरापूर्वी डेंग्यू झाला होता. समोर मेट्रोच्या कामाचा खड्डा आहे. बाबा रोज सकाळी तलावाकाठी फिरतात, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून. कुठला डास, कुठल्या पाण्यातला, हे कोणी कधीही सांगू शकणार नाही. तुझी चूक असल्याचा पुरावा नाही. त्यांची असल्याचाही नाही.

हे वाक्य लिहिताना माझ्या लक्षात आलं, की त्या रात्री ते मला किती कोरडं वाटलं होतं. आज मला तुला धरायला याहून मऊ काही सापडत नाही.

डॉक्टर आता सांगून गेल्या, आजची रात्र काढायची आहे. प्लेटलेट द्यायला घेतल्यात. ये. या वेळी मी म्हणते आहे, ये.

आई

हॉस्पिटल, ११ ऑक्टोबर

वैदेही,

हे तू मुंबईला विमान बदलताना वाचशील. रात्र निघाली. रक्तदाब धरून आहे, लघवी व्हायला लागली. डॉक्टरांच्या लेखी ती फार मोठी बातमी आहे. धोका टळला असं त्या अजून म्हणत नाहीत, पण सकाळी माझ्याशी बोलताना पहिल्यांदा खुर्चीवर बसल्या.

तू येतेस असं मी बाबांना सांगितलं. डोळे मिटलेलेच होते. ओठ हलले. काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, पण ऐकायची गरजही नव्हती. मी मोबाईल पुढे धरला आणि तुझा बोर्डिंग पास दाखवला. चष्मा मागितला. मी लावून दिला. नाव वाचलं, तारीख वाचली, सीटसुद्धा वाचली. मग पुन्हा नावापासून वाचायला लागले. नर्सनं विचारलं, दादा, काही दुखतंय का? मान हलवून नाही म्हणाले, पण डोळे पुसायला हात उचलता येत नव्हता, ते मी पुसले.

नंतर म्हणाले, "माती?"

मी त्या दिवशी वरचं पाणी ओतलं, पण तळाची माती टाकली नव्हती. का, ते मलाच सांगता आलं नसतं. ती सुकून भेगा पडल्या होत्या. आज पहाटे अंघोळीला घरी गेले तेव्हा तिच्यावर पाणी शिंपडलं आणि वर पितळी ताट झाकलं. पंचा नाही, ताट.

विमानतळावर सान्यालबाईंचा मुलगा गाडी घेऊन येईल. आज अष्टमी आहे, रस्ते तुंबलेले असतील, चिडू नकोस. आधी सरळ इथे ये, बाबांना भेट. मग घरी जा, थोडं खा आणि मागच्या बाल्कनीत जाऊन ताट काढ. जास्वंदीला मी हात लावलेला नाही. ते तुझं काम आहे.

आई